मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जिंजर बिअर बाटलीत भरताना

माझं माहेर कन्नड तालुक्यातलं. तिकडं आलं शेतातून मातीसकट पोत्यात भरून येतं, आणि जिंजर बिअरसाठी, म्हणजे आलं-साखरेचं पाणी आंबवून केलेल्या फसफसत्या पेयासाठी, मला तसलंच हवं असतं. पेय आंबवणारं यीस्ट आल्याच्या सालीवर असतं. त्यामुळं आलं साध्या पाण्यात धुवा, पण साल काढू नका.

आधी विरजण. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर घाला आणि तोंडाला सुती कापड बांधा. रोज एकेक चमचा आलं आणि साखर घालून ढवळायचं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बरणीतून बुडबुडे यायला लागतात, थंडीत आठवडाही लागतो. बुडबुडे नसतील तर पुढं जाऊ नका. वर रंगीत बुरशी दिसली तर सगळं फेकून नव्यानं लावा.

पेयासाठी दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम किसलेलं आलं आणि १८० ग्रॅम साखर घालून पंधरा मिनिटं उकळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही उकळताना निघून जातं. बोअरचं पाणी खारट असेल तर जारचं घ्या, कारण तो खारटपणा शेवटपर्यंत जिभेवर राहतो. अर्धी साखर काढून तेवढा गूळ घातला तर चव भरदार येते, मला तीच आवडते. पातेलं पूर्ण गार झाल्यावरच दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण घाला. गरम पाण्यात यीस्ट मरतं. मग दुहेरी सुती कापडातून गाळा. आल्याचे कण राहिले तर त्यांच्याभोवती वायू एकदम सुटतो आणि झाकण उघडताच निम्मं पेय ओट्यावर जातं.

आता बाटलीकडं नीट लक्ष द्या. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. एका लिटरमागं चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. चांगल्या सोड्याला चार लिटरपर्यंत वायू पुरतो, म्हणजे सोळा ग्रॅम साखर. आपण तर लिटरमागं नव्वद ग्रॅम घातली आहे. ती सगळी बाटलीत आंबली तर वीस लिटरहून जास्त वायू होईल. म्हणून हे पेय वेळेवर थांबवावं लागतं आणि ते काम फ्रिजचं.

बाटली कोल्ड्रिंकची प्लास्टिकचीच घ्या, बुडाला पाच पाकळ्या असतात ती. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, तिला हा दाब झेपत नाही. धुवायला कोमट पाणी वापरा, उकळत्या पाण्यानं ती वाकडी होते. काचेची बाटली फुटली तर तिचे तुकडे डोळ्यापर्यंत उडतात, मी घरात ती वापरू देत नाही. गोटी सोड्याची बाटली जाड असते खरी, पण ती यंत्रावर उलटी धरून दाबानं भरतात तेव्हा गोटी तोंडाशी घट्ट बसते. घरच्या हळूहळू होणाऱ्या गॅसला ती उपयोगाची नाही.

वर दोन बोटं जागा सोडून झाकण घट्ट लावा आणि बाटली दाबून बघा, आत्ता ती दबते. बाटल्या झाकणाच्या बादलीत घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. माळवदाचं घर असेल तर आतली खोली उत्तम. थंड मुलखातल्या कृतीत आठवडाभर ठेवा म्हणतात, ते इथं चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात, रात्रीही घर तापलेलं असताना, बाटली एका दिवसात दगडासारखी होऊ शकते. डिसेंबरात तीन-चार दिवस लागतात. म्हणून घड्याळ बघू नका, सकाळ-संध्याकाळ बाटली दाबा. अंगठ्यानं अजिबात दबेना की लगेच फ्रिजमध्ये. मधेमधे झाकण सैल करून गॅस सोडू नका, त्यानं पेय मिळमिळीत होतं.

फ्रिजमध्ये किमान एक दिवस राहू द्या. गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, बारीक बुडबुडे तेव्हाच मिळतात. गारव्यात यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. त्यामुळं लाईट बराच वेळ गेली असेल तर बाटल्या पुन्हा दाबून बघा. आठवड्याभरात संपवा.

पाहुणे विचारतात, "वहिनी, ह्याच्यानं चढते का ओ?" साखर आंबताना वायूबरोबर थोडं मद्यही होतंच. दोन-तीन दिवसांच्या पेयात ते कमी असतं, पण नसतं असं नाही. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि मद्य वर्ज्य असलेल्यांना देऊ नका, आणि पेला हातात देण्याआधीच हे सांगा.

एखाद्या बाटलीचं बूड फुगून ती उभी राहत नसेल तर ती तशीच उघडू नका, हलवू नका. जाड ओल्या टॉवेलात गुंडाळून दिवसभर फ्रिजमध्ये ठेवा, मग मोरीत नेऊन, तोंड आपल्यापासून लांब धरून, झाकण अगदी थोडं फिरवा. फुस्स आवाज थांबला की पुन्हा थोडं. त्याच घाण्यातल्या बाकीच्या बाटल्याही त्याच दिवशी फ्रिजमध्ये घाला.