हार्वर्ड की प्रिन्स्टन? सॅटचे आकडे समोर ठेवून तुलना करताना या चुका टाळा

अकरावीच्या सुट्टीत भाचीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "मावशी, यादी तयार आहे, बघ." एक्सेलमध्ये अमेरिकेतली बावीस विद्यापीठं, प्रत्येकासमोर 'सरासरी सॅट' (म्हणजे तिथल्या प्रवेशासाठीच्या १६०० गुणांच्या परीक्षेचे गुण), आणि त्यानुसार लावलेला क्रम. १५३०वालं वर, १५२०वालं खाली. दोन रविवार घालवले होते तिने त्यावर. असे तक्ते घरोघरी होतात आणि त्यांच्या भरवशावर मुलं आयुष्याची चार वर्षं ठरवतात, म्हणून हे लिहितेय.

आकडा सरासरी समजणं. विद्यापीठं बहुधा २५वं आणि ७५वं पर्सेंटाइल देतात. १५०० ते १५६० याचा अर्थ असा की पाव मुलांचे गुण १५०० किंवा त्याखाली आहेत, पाव मुलांचे १५६० किंवा त्यावर, आणि उरलेली निम्मी मधे. या दोन टोकांचा मध्य काढून त्याला सरासरी म्हणता येत नाही. गणिताचं आणि इंग्रजीचं २५वं पर्सेंटाइल यांची बेरीज करणंही चूक, कारण दोन्ही विषयांत खालच्या पावात असलेली मुलं तीच असतील असं नाही. आणि दहा गुणांचं काय घेऊन बसायचं? सॅटचे गुण दहा-दहानेच वाढतात. १५२० आणि १५३० यांच्यातल्या फरकाहून लहान फरक असूच शकत नाही.

गुण कोणी पाठवले हे न बघणं. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. २०२० साली कोरोनामुळे बहुतेक विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये. येलने त्याच वर्षी सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेऐवजी एपी, आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतील असं ठरवलं. कोलंबियाने २०२३ मध्ये ऐच्छिकच ठेवायचं जाहीर केलं. आता समजा, एका वर्गात दहा मुलं आहेत. चौघांना १५५०च्या आसपास, सहा जणांना १४००च्या आसपास. ऐच्छिक असेल तर ते चौघंच गुण कळवणार, आणि विद्यापीठाच्या नावापुढे १५५० लागणार. सक्ती असलेल्या ठिकाणी दहाही जण मोजले जातात. हे दोन आकडे शेजारी मांडले की सक्तीवालं विद्यापीठ विनाकारण खाली जातं.

यावर उपाय आहे. विद्यापीठाचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. त्या कागदपत्रात सी ९ या भागात किती टक्के विद्यार्थ्यांनी सॅट आणि किती टक्क्यांनी एसीटी पाठवली ते दिलेलं असतं. वर्ष तपासून घ्या. तिथले आकडे प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचे असतात. 'प्रवेश देऊ केलेल्या' मुलांचे आकडे वेगळे असतात, दोन्हींची सरमिसळ करू नका.

बर्कली आणि यूसीएलएच्या रकान्यात भाचीने कुठूनतरी जुने आकडे आणून भरले होते. ही दोन्ही ज्याचा भाग आहेत ते कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी सॅट बघतच नाही, पाठवली तरी नाही. तो रकाना रिकामाच ठेवायचा.

मामाचे जुने गुण माप म्हणून वापरणं. १९९५ मध्ये सॅटची मोजपट्टी बदलली, २००५ ते २०१६ परीक्षा २४०० गुणांची होती, नंतर पुन्हा १६००. अमेरिकेतल्या मामाचे १९९० सालचे १३५० आजच्या १३५०च्या बरोबरीचे नाहीत.

क्रमवारीला पुरावा मानणं. २०१२ मध्ये क्लेअरमाँट मॅकेना कॉलेजने कबूल केलं की त्यांच्या प्रवेश विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने काही वर्षं सॅटचे आकडे फुगवून कळवले होते. २०२२ मध्ये कोलंबियाचेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने दिलेल्या माहितीवर शंका घेतली आणि त्याच वर्षी कोलंबिया 'यूएस न्यूज'च्या विद्यापीठांच्या क्रमवारीत दुसऱ्यावरून अठराव्या क्रमांकावर आलं. शिकवणारे तेच होते, ग्रंथालय तेच होतं.

प्रतिष्ठेचं दुसरं माप म्हणजे नातेवाइकांना नाव माहीत असणं. हार्वी मड किंवा विल्यम्स म्हटलं की पुण्यात "हे कुठलं कॉलेज?" असा प्रश्न येतो. दोन्हीकडे प्रवेश मिळणं अतिशय अवघड आहे, आणि वर्ग लहान असल्याने पहिल्या वर्षापासून प्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखतात. उलट कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी शाखेनुसार प्रवेश होतो. संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्याने संपूर्ण विद्यापीठाचा आकडा बघून निर्धास्त होऊ नये.

भाचीच्या तक्त्यात एक रकाना नव्हताच: पैशांचा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली म्हणून प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होत नाही. स्टॅनफर्डमध्ये होऊ शकतो. तो रकाना घातल्यावर बावीसपैकी बऱ्याच नावांच्या जागा बदलल्या. आता सॅट शेवटच्या रकान्यात आहे आणि त्याच्या शेजारी तिने 'किती टक्क्यांनी पाठवली' असं लिहून ठेवलंय.