उल्हास नदीच्या पात्रात पाईप ठोकण्याआधी

आधी कॅलेंडर, मग घड्याळ आणि सगळ्यात शेवटी पाईप. नदी जमिनीखालच्या पाण्याला देते की त्याच्याकडून घेते हे मोजायचं असेल, तर तयारी याच क्रमाने करा. दिवस चुकला की चांगलं साहित्यही कामाला येत नाही. पावसाळ्यात पात्रात उतरायचा प्रश्नच नाही. पाऊस ओसरला की काठाच्या मुरुमात मुरलेलं पाणी सावकाश नदीकडे झिरपू लागतं, म्हणून पहिली फेरी डिसेंबर-जानेवारीत ठेवा. दुसरी मे महिन्यात, त्याच जागी. तेव्हा विहिरी खोल गेलेल्या असतात, मोटारी चालू असतात आणि हिवाळ्यात नदीला पाणी देणारा काठ नदीचंच पाणी ओढत असू शकतो. ठाणे जिल्ह्यात ही माहिती फक्त अभ्यासापुरती नाही. उल्हासला ठिकठिकाणी सांडपाण्याचे नाले मिळतात. नदीचं पाणी विहिरीकडे जात असेल, तर त्या नाल्यांचं पाणीही त्याच वाटेने जातं, आणि ती विहीर कोणाच्या तरी घरची असते.

जागा निवडताना कल्याणच्या बरीच वर, बदलापूर-वांगणीकडे जा. खाली खाडीचं पाणी भरतीबरोबर चढतं, मग तुम्ही नदी मोजताय की समुद्र, हेच कळत नाही. खाडीलगतच मोजायचं असेल, तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हाताशी ठेवून पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी धरून सलग वाचन घ्यावं लागेल. तो वेगळा उद्योग आहे, पहिल्यांदा त्यात पडू नका.

वरच्या भागातही नदी दिवसभर एका पातळीला राहीलच असं नाही. टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र 1922 साली सुरू झालं. घाटमाथ्यावर अडवलेलं, एरवी पूर्वेकडे वाहून गेलं असतं ते पाणी त्या केंद्रातून खाली उल्हासमध्ये येतं. उन्हाळ्यातही नदी वाहती दिसते ती बरीचशी त्यामुळे. पण वीज लागेल तशी तयार होते, त्यामुळे सोडलेलं पाणीही कमी-जास्त होतं. सकाळी नदीची पातळी घेतली आणि दुपारी विहिरीची, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच करता येत नाही. म्हणून एक माणूस फक्त नदीच्या पट्टीपाशी बसवा. खडकाला घट्ट बांधलेली मोजपट्टी, हातात वही आणि दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. कंटाळवाणं काम आहे, पण बाकी सगळ्या मोजण्या यावरच उभ्या आहेत, तेव्हा सगळ्यात भरवशाचा माणूस इथे द्या.

आता मुख्य हत्यार. अर्ध्या-पाऊण इंचाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, साधारण दीड मीटर लांब. खालच्या तोंडात सैल बसणारा जाड बोल्ट, वरच्या तोंडावर कॅप, नाहीतर घणाच्या घावांनी तोंड चेपतं. हा पाईप पात्राच्या तळात ठोकायचा, आत पारदर्शक नळी सोडायची आणि नळी धरून ठेवून पाईप वर ओढून घ्यायचा. बोल्ट खालीच राहतो. नळीच्या टोकाला शेवटच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये बारीक भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळा आणि ती सुतळीने नाही, तर तारेने बांधा. सिरिंजने नळीतलं गढूळ पाणी दोन-तीनदा ओढून टाका, मग पातळी थांबेपर्यंत वाट बघा. वाळूत काही मिनिटं पुरतात, गाळात तास जातो.

आता नळीतली पातळी बाहेरच्या नदीपेक्षा वर असेल, तर पाणी खालून नदीत येतंय. खाली असेल, तर नदी जमिनीत मुरतेय. फरक बहुधा दोन-चार सेंटिमीटरचाच असतो आणि वाहत्या पाण्यात डोळ्याने तो पकडता येत नाही. त्यासाठी गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या. एक टोक तळातल्या नळीला जोडा, दुसरं नदीत सोडा, मधला भाग उलट्या यू आकारात पट्टीवर बांधा आणि वरून थोडी हवा आत घेऊन दोन्ही बाजूंचं पाणी शेजारी-शेजारी आणा. नळीत मोहरीएवढा बुडबुडा अडकला असेल, तरी आकडा खोटा येतो. बोटाने टिचक्या मारत बुडबुडे वर काढा, मगच वाचा. नदीत सोडलेल्या टोकावर भोकं पाडलेला डबा उपडा ठेवा, म्हणजे प्रवाहाचा धक्का लागणार नाही.

या आकड्यावरून पाणी किती जातं ते काढायला हेन्री डार्सीचा 1856 चा नियम आहे: उतार, म्हणजे पातळीतला फरक भागिले भोकांची खोली, गुणिले तळातून पाणी किती सहज जातं तो आकडा. समजा भोकं तळाखाली 60 सेंटिमीटरवर आहेत आणि फरक 3 सेंटिमीटर, तर उतार झाला 0.05. तळ स्वच्छ वाळूचा असेल, तर चौरस मीटरमागे दिवसाला चारशेहून जास्त लिटर पाणी ये-जा करू शकतं. त्याच वाळूत गाळ बसलेला असेल, तर हेच चार-पाच लिटरवर येतं. फरक तोच, उत्तर शंभरपट वेगळं. म्हणून तळाचा नमुना आणायला जाड पिशव्या घ्या आणि नळीत वरून पाणी ओतून ते किती वेळात उतरतं, याचीही नोंद करा.

पाईप कुठे ठोकायचा? आपल्याकडे खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे. अखंड कातळात पाईप जात नाही आणि जबरदस्तीने घातला तर उपयोग नाही. वाळूचे आणि बारीक गोट्यांचे पट्टे शोधा. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून, दोन थरांच्या सांध्यातून, तांबड्या मातीच्या पट्ट्यावरून येतं. सकाळी काठाने चालत जाऊन कुठे ओल आहे, कुठे झरा पाझरतोय ते खुणेच्या रिबिनीने बांधून ठेवा. एकाच पाईपवर भरवसा नको. एका ओळीत तीन, तरच काही बोलता येतं.

पोहोचायची वेळ पहाटेची ठेवा. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. नदी रात्रीत गार होते, जमिनीखालचं पाणी होत नाही. लांब दांड्याचा थर्मामीटर तळात 10, 20, 40 सेंटिमीटर खुपसून बघा. जिथे वरच्या थरातच ऊब लागते, तिथे खालचं पाणी वर येतंय. ऑक्टोबरमध्ये हा फरक पुसट असतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) न्या, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. बेसाल्टमधलं पाणी खनिजांमुळे जास्त आकडा दाखवतं, आणि सांडपाण्याचा नालाही तेच करतो.

अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप तळात उपडं रोवून त्याला पिशवी जोडायची पद्धतही उपयोगी आहे. पिशवीत आधीच लिटरभर पाणी मोजून भरा, कारण रिकामी पिशवी स्वतःच पाणी ओढते. गोट्यांच्या तळात पिंपाच्या कडेने गळती होते, तिथे हा खटाटोप नको. दोन ठिकाणचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, मोजून फरक काढणं उल्हासवर मला पटत नाही. दहा घनमीटर प्रति सेकंद प्रवाहात पाच टक्के चूक म्हणजे अर्धा घनमीटर, तीही प्रत्येक मोजणीत. झिरपा त्यातच बुडून जातो. उन्हाळ्यातल्या एखाद्या बारीक ओढ्यावर मात्र ही पद्धत छान चालते.

विहिरींसाठी आदल्या आठवड्यातच जाऊन मालकांशी बोला. मोटार रात्रभर बंद ठेवता येईल का, ते विचारा. नसेल तर कधी चालू होती ते लिहून घ्या. टेपच्या टोकाला खडू फासून तो खाली सोडला की ओली रेघ चोख दिसते. विहिरीच्या काठाची आणि नदीच्या पट्टीची उंची डम्पी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) जोडल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जवळपास आहेत का ते बघा, जुनी पातळी ताडून बघता येते.

ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना लेखी कळवा. पहार, घण आणि पाईप घेऊन पात्रात उतरलेली माणसं रेती उपसणारी वाटतात, यात गावकऱ्यांची काही चूक नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे जायचं नाही, पट्टीवरचा माणूस पातळी चढतेय म्हणाला की सगळे बाहेर. गमबूट, रबरी हातमोजे, लाइफ जॅकेट घ्या. पायाला जखम असलेल्याने काठावरच बसायचं.

परतताना सगळे पाईप मोजून आणा, नळ्या उपटा आणि भोकं बुजवा. वहीची पानं तिथेच फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. ज्यांच्या विहिरी मोजल्या, त्यांना त्यांच्या पाण्याची पातळी आणि टीडीएसचा आकडा संध्याकाळच्या आत कळवा, म्हणजे मे महिन्यात दार पुन्हा उघडेल.