कॉन्व्हेक्स बेसप्लेटची निवड आणि ती बसवण्याची पद्धत

स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने पोटावर काढलेले आतड्याचे तोंड; त्यातून येणारा मल पिशवीत जमतो आणि ती पिशवी बेसप्लेट नावाच्या चिकट तबकडीने त्वचेवर बसते. पिशवी वारंवार गळू लागली की बरेच जण आधी फटी भरणारी पेस्ट वाढवतात किंवा प्लेटच्या कडांवर चिकटपट्ट्या लावतात. परंतु स्टोमा त्वचेच्या पातळीला आलेला असेल, आत ओढला गेला असेल किंवा त्याच्या शेजारी घडी पडत असेल, तर उणीव चिकटपणाची नसून आकाराची असते. सपाट प्लेट खोलगट जागेवर टेकत नाही आणि त्या पोकळीतून मल प्लेटखाली शिरतो. कॉन्व्हेक्स प्लेटची त्वचेकडची बाजू फुगीर असल्यामुळे ती पोकळी भरते, भोवतालची त्वचा हलकेच दाबली जाते आणि स्टोमाचे तोंड वर येऊन मल थेट पिशवीत पडतो. आयलिओस्टोमीत, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमात, हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण त्यातील पातळ मलात पाचकरस असतात व ते त्वचा लवकर सोलवटतात.

निवड करण्यापूर्वी पोट केवळ झोपून तपासू नये. झोपल्यावर सपाट दिसणारी जागा बसल्यावर किंवा वाकल्यावर खोल घडीत जाते, म्हणून उभे राहून, बसून आणि पुढे वाकूनही पाहावे. त्यानंतर स्टोमाभोवतीचे पोट बोटांनी दाबून पाहावे. पोट मऊ व सैल असेल तर सहसा कडक कॉन्व्हेक्स प्लेट उपयोगी पडते, कारण मऊ प्लेट अशा पोटात आधार देऊ शकत नाही. पोट घट्ट असेल तर मऊ, लवचीक प्लेट बरी. फुगीरपणाची खोलीही कमी-अधिक मिळते, आणि माझे स्पष्ट मत असे की ज्या सर्वांत कमी खोलीने गळती थांबते तीच घ्यावी. स्टोमाभोवती फुगलेल्या शिरा, हर्निया, जखम किंवा व्रण असल्यास, तसेच शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास, स्टोमा नर्स किंवा शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याशिवाय कॉन्व्हेक्स प्लेट वापरू नये.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे 6 ते 8 आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून या काळात दर वेळी माप घ्यावे. प्लेटचे छिद्र स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठे असावे. त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेलकट साबण किंवा मलम लावल्यास प्लेट धरत नाही. प्लेट तळहातांमध्ये थोडी गरम करून, पोटावरची घडी हाताने ताणून ती बसवावी, छिद्राच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने दाबत न्यावी आणि मिनिटभर हात तसाच ठेवावा. प्लेट पोटाशी धरून ठेवणारा कमरेचा पट्टा वापरायचा असल्यास तो स्टोमाच्या रेषेतच असावा आणि त्याखाली दोन बोटे सहज जावीत. पट्टा वर किंवा खाली सरकला तर प्लेट तिरकी ओढली जाते.

नव्या प्रकारची पहिली प्लेट गळत नसली तरी एक-दोन दिवसांत काढून पाहावी. त्वचेवरचा फिकट गुलाबी ठसा थोड्या वेळात मावळला तर काळजी नाही. तो गडद राहिला, दुखू लागला किंवा तिथे फोड आला, तर दाब जास्त होत आहे असे समजून ती प्लेट बंद करावी आणि नर्सला दाखवावे. काढलेल्या प्लेटची मागची बाजू फेकण्यापूर्वी अवश्य पाहावी. ती एकाच बाजूने विरघळलेली असेल तर त्वचेवरची घडी किंवा खळगा नेमका त्याच बाजूला असतो, आणि पुढच्या वेळी सील रिंगचा (फट भरणाऱ्या मऊ, चिकट कड्याचा) तुकडा तिथेच लावावा.