एलएचएस ३८४४ बी: टेसच्या आकड्यांतून ग्रहाची त्रिज्या, तापमान आणि हवेची कसोटी

एलएचएस ३८४४ हा सुमारे ४९ प्रकाशवर्षांवरचा लाल बटू तारा. त्याला अगदी खेटून एक खडकाळ ग्रह ११ तास ७ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये (आकाशाचा एकेक पट्टा सुमारे २७ दिवस न्याहाळण्याच्या फेरीत), २०१८ साली, त्याची अधिक्रमणे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात पडणारी घट, टिपली गेली. हे आकडे सर्वांसाठी खुले आहेत. लॅपटॉप, पायथन आणि लाइटकर्व्ह हे पॅकेज असले की ग्रहाची त्रिज्या, ताऱ्यापासूनचे अंतर आणि तापमान घरबसल्या काढता येते.

ताऱ्याची तीन मापे आधी लिहून ठेवा: त्रिज्या सूर्याच्या ०.१८९ पट, वस्तुमान ०.१५१ पट, पृष्ठभागाचे तापमान ३०३६ केल्व्हिन. ग्रहाबद्दलचे प्रत्येक उत्तर यांच्यावरच उभे राहते. ताऱ्याच्या त्रिज्येत ३ टक्के चूक झाली, तर ग्रहाच्या त्रिज्येतही नेमकी तेवढीच चूक होते.

आकडे उतरवणे आणि साफ करणे

टेसच्या सूचीत या ताऱ्याचा क्रमांक ४१०१५३५५३ आहे. तो टाकून सेक्टर १ चा दर २ मिनिटांच्या नोंदींचा प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख, घ्या. अर्ध्या तासाच्या नोंदी इथे कामाच्या नाहीत, कारण अधिक्रमणच जेमतेम ३१ मिनिटांचे आहे.

नंतर इतरांपासून भलतेच दूर पडलेले बिंदू काढून टाका, पण फक्त वरच्या बाजूचे. लाल बटू ताऱ्यांवर ज्वाला उसळतात, त्या वक्रात वर जाणारी टोके म्हणून दिसतात. खालच्या बाजूलाही तीच कात्री चालवली, तर ज्या घटीसाठी हा खटाटोप चालला आहे तीच कापली जाते.

मग वक्र सपाट करायचा. नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. सपाट करणाऱ्या फिल्टरची खिडकी मूळ सेटिंगमध्ये १०१ बिंदूंची, म्हणजे साधारण ३ तास २० मिनिटांची असते. एवढ्या अरुंद खिडकीत फिल्टर अधिक्रमणालाच ताऱ्याचा चढउतार समजतो, त्याच्या मागे वाकतो आणि घटीची खोली थोडी खातो. हा तारा फार संथ, सुमारे १२८ दिवसांत एकदा, स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे खिडकी ४०१ बिंदूंची ठेवली तरी बिघडत नाही. आवर्तकाल, म्हणजे ग्रहाच्या एका फेरीचा वेळ, सापडला की अधिक्रमणाचे बिंदू झाकून वक्र पुन्हा मुळापासून सपाट करा. ही दुसरी फेरी टाळू नका.

आवर्तकाल शोधणे

शोधासाठी चौकटी घट जुळवणारी पद्धत, म्हणजे बीएलएस वापरा. आवर्तकाल ०.२ ते १ दिवस आणि घटीचा कालावधी ०.०२ दिवस असे स्वतः नमूद करा. मूळ सेटिंगमधले कालावधी याहून बरेच लांब असतात. त्यांत अर्ध्या तासाची घट पातळ होऊन विरते आणि ग्रह असूनही आलेखात ठळक शिखर उभे राहत नाही.

शिखर ०.४६२९ दिवसाच्या आसपास यायला हवे. आवर्तकालाची जाळीही पुरेशी बारीक लागते: सेक्टरभरात सुमारे ६० फेऱ्या होतात, म्हणून आवर्तकालातली २ सेकंदांची चूक शेवटच्या अधिक्रमणाला २ मिनिटांनी सरकवते. एकट्या अधिक्रमणात गोंगाटापुढे फारसे काही दिसत नाही. आवर्तकालावर घडी घातली, म्हणजे वक्र आवर्तकालाएवढ्या तुकड्यांत कापून एकमेकांवर ठेवला, की पन्नासच्या वर अधिक्रमणे एकावर एक बसतात आणि ०.४ टक्क्याची घट स्वच्छ उमटते.

आता सम आणि विषम क्रमांकांच्या घटी वेगळ्या काढून खोली ताडून पाहा. त्यांत ठळक फरक असेल, तर ते बहुधा एकमेकांना झाकणारे जोडतारे असतात. टेसचा एक पिक्सेल आकाशाचा २१ कोनीय सेकंदांचा तुकडा व्यापतो, त्यामुळे शेजारच्या ताऱ्याची घटही आपल्या वक्रात मिसळू शकते.

त्रिज्या आणि अंतर

खोली ०.००४०३ धरा. तिचे वर्गमूळ ०.०६३५. याला ०.१८९ ने आणि सूर्य-पृथ्वी त्रिज्यांच्या गुणोत्तराने, म्हणजे १०९ ने गुणले की १.३१ पृथ्वी-त्रिज्या मिळतात. प्रसिद्ध झालेले मूल्य १.३० आहे. बीएलएसची खोली थेट वापरली तर उत्तर जरा कमी येते, कारण घटीच्या तिरप्या कडाही त्या सरासरीत धरल्या जातात.

अंतरासाठी केप्लरचा तिसरा नियम लावा. आवर्तकाल वर्षांत ०.००१२६७. त्याचा वर्ग गुणिले ०.१५१, आणि आलेल्या संख्येचे घनमूळ: ०.००६२४ खगोलीय एकक, म्हणजे सुमारे ९ लाख ३३ हजार किलोमीटर. चंद्र आपल्यापासून जितका दूर, त्याच्या अडीच पटही नाही! हे अंतर ताऱ्याच्या ७.१ त्रिज्यांइतके भरते. हा ७.१ पुढे लागणार आहे.

तापमान आणि हवेची कसोटी

ग्रह सारा प्रकाश शोषतो असे धरून दोन तापमाने काढा. उष्णता साऱ्या ग्रहावर सारखी पसरत असेल, तर ३०३६ ला १४.२ च्या, म्हणजे ७.१ च्या दुपटीच्या, वर्गमुळाने भागा: ८०६ केल्व्हिन. उष्णता मुळीच पसरत नसेल, तर ३०३६ ला ७.१ च्या वर्गमुळाने भागून ०.९०४ ने गुणा: दिवसाच्या बाजूचे तापमान १०३० केल्व्हिन. इतक्या जवळचा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच बाजू करून असतो असे मानले जाते. दिवसाची उष्णता रात्रीकडे नेऊ शकेल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जाड वातावरण. म्हणून या दोन आकड्यांतली दरी हीच हवेची कसोटी.

ग्रह ताऱ्याआड जातो तेव्हाची घट, म्हणजे पिधान, किती खोल असेल ते तापमानावरून प्रकाश सांगणाऱ्या प्लांकच्या सूत्राने मोजा. ४.५ मायक्रॉन तरंगलांबीवर १०३० केल्व्हिनसाठी सुमारे ३५० पीपीएम (दहा लाखांत ३५० भाग) येतात आणि ८०६ साठी १४५. स्पिट्झर दुर्बिणीने याच तरंगलांबीवर घेतलेले मोजमाप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले: ३८० पीपीएम, त्रुटी ४०. दिवसाची बाजू १०४० केल्व्हिन भरली, रात्रीच्या बाजूची उष्णता हाती लागलीच नाही. जाड वातावरणाची शक्यता तिथे मोडली.

हे पिधान टेसच्या वक्रात शोधत बसू नका. ०.८ मायक्रॉनच्या आसपास ते ०.०४ पीपीएमइतके क्षीण असते. तिथे ठसठशीत दुसरी घट दिसलीच, तर ग्रहाऐवजी जोडताऱ्याचा संशय घ्या.

ताऱ्यावरचे डागही फसवतात. डाग इतके थंड असू शकतात की त्यांत पाण्याची वाफ टिकते. ग्लीझ ४८६ बी या खडकाळ ग्रहाच्या वर्णपटात जेम्स वेब दुर्बिणीला पाण्यासारखी खूण दिसली, पण ती ग्रहाची की डागांची हे त्या निरीक्षणातून ठरवता आले नाही. पिधानाच्या पद्धतीत हा धोका बराच कमी असतो.

आपले गणित ताडायला ट्रॅपिस्ट-१ बी हा दुसरा खडकाळ ग्रह घ्या: तारा २५६६ केल्व्हिन, अंतर ताऱ्याच्या २०.८ त्रिज्या. उष्णता न पसरवणाऱ्या ग्रहासाठी सुमारे ५०८ केल्व्हिन यायला हवेत. जेम्स वेबने १५ मायक्रॉनवर मोजलेले, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले तापमान ५०३ आहे. तुमचे उत्तर ३९८ च्या आसपास आले असेल, तर चुकून उष्णता पसरवणारे सूत्र लावले गेले आहे.