खोली सोडताय? आधी माळा बघा

गेल्या वर्षी मेमध्ये कॉलेज करणाऱ्या आम्ही चौघांनी कोल्हापुरात राजारामपुरीतली भाड्याची खोली सोडली. भंगार दिलं, फरशी पुसली, भिंतीतले खिळे काढून भोकांत टूथपेस्ट भरली आणि ऐटीत किल्ली द्यायला खाली गेलो. घरमालकीण काकू वर आल्या, एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आणि माळ्यावरचं?"

माळ्यावर आमचं काही नव्हतंच. पण तीन-चार बॅचचा संसार होता. टीव्हीचे खोके, कापसाच्या दोन गाद्या, बंद पडलेला कूलर, ट्यूबा, वाळलेल्या रंगाचे डबे, जर्नलचे गठ्ठे, वर उंदरांच्या लेंड्या. चारची एसटी होती आणि वळवानं आभाळ भरून आलं होतं. सगळं ओढून कचऱ्याच्या कोंडाळ्याशेजारी टाकलं आणि पळालो. रात्री पाऊस झाला, गाद्या फुगल्या, गल्लीनं काकूंना ऐकवलं आणि काकूंनी आमच्या डिपॉझिटमधून तीन हजार कापले. चूक त्यांची नाही. यंदा धाकटा भाऊ खोली सोडतोय, त्याला सांगता सांगता ही यादी झाली.

तर महिनाभर आधी, परीक्षेचं वेळापत्रक लागलं की पहिलं काम, माळा बघा. खालून मान वर करून नव्हे. शेजारून स्टूल मागा, मोबाईलचा टॉर्च लावा, हात घालून मागचं ओढा. तोंडाला रुमाल बांधा. जे सापडेल ते तुमचं नसलं तरी काढणार तुम्हीच, हे आत्ताच मान्य करा. काकूंना विचारा, यातलं त्यांचं काय आहे. आमच्या वेळी एक पितळी घंगाळ काकूंचं निघालं, ते भंगारात जाता जाता वाचलं.

त्या ढिगात इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या रेषा आखायचा एक मिनी ड्राफ्टरही होता. रेक्झिनच्या पिशवीत, पट्ट्या स्वच्छ, स्क्रू घट्ट, एका पट्टीवर कर्कटकाच्या टोकानं कुणाचा तरी रोल नंबर कोरलेला. पहिल्या वर्षाला मी नवा ड्राफ्टर विकत घेतला होता, आणि हा तेव्हापासून माझ्या डोक्यावर पडून होता. कुणीतरी चांगल्या मनानंच ठेवला असणार, "राहू दे वर, पुढच्यांना होईल" म्हणून. पुढच्यांना कुणी सांगितलंच नाही. माळे भरतात ते या एका वाक्यानं. वस्तू द्यायची तर माणसाच्या हातात द्या. नाव नसलेल्या माणसासाठी ठेवलेली वस्तू म्हणजे कचराच, फक्त जरा उंचावर.

म्हणून देणंघेणं परीक्षेआधी उरका. शेवटच्या पेपरनंतर ज्युनिअर गावाला जातात आणि नवे प्रवेश होईपर्यंत गल्लीत टेबल घेणारा कुणी सापडत नाही. टेबल, खुर्ची, बादल्या, इस्त्री, इंडक्शन, दोरी, पडदे यांचे फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाका. किंमत कमी सांगा, घासाघीस करत बसू नका. वस्तू पेपर संपल्यावर न्यायची, पण घेणाऱ्याचं नाव आजच तिच्यावर चिकटवायचं. ड्राफ्टर, ॲप्रन, कॅल्क्युलेटर पहिल्या वर्षाच्या पोरांना फुकट द्या, ती दुवा देतील. पुस्तकंही तशीच. जर्नलची एका बाजूनं कोरी पानं काढून रफ वही शिवा, उरलेलं रद्दीत. टाचण्या, प्लास्टिकची कव्हरं आधी काढा.

स्वयंपाकघर. दोन आठवडे आधी किराणा बंद. डाळ, तांदूळ, पोहे असेल ते आलटून पालटून संपवा, चार दिवस खिचडी खाल्ली तर काही बिघडत नाही. घरून आलेल्या चटणीची काचेची बरणी धुऊन परत न्या. आई चटणीचं विसरेल, बरणीचं नाही. तळणीचं तेल बेसिनमध्ये ओतू नका, थंड झालं की रद्दी कागदात किंवा भुशात जिरवून टाका. पाच किलोचा छोटा सिलिंडर असेल तर जिथून घेतला तिथे परत द्या. रिकामा दिसला तरी आत गॅस राहतो, भंगारात अजिबात नाही.

आता गाद्या, कारण सगळ्यात जास्त घोळ त्यांचाच. कचरा न्यायला येणारे टिप्परवाले गादी घेत नाहीत, भंगारवालाही हात लावत नाही. गादी कापसाची असेल तर गादीवाल्याकडे न्या. कापूस पिंजून पुन्हा भरता येतो, गादी नको असेल तर निदान तो कापूस कामी येतो. फोमची असेल आणि बरी असेल तर द्या, नाहीतर फोम कापून सामानात भांड्यांभोवती घाला. हे पावसाआधी करा. भिजलेली गादी कुणीच घेत नाही आणि चौघांना उचलत नाही. कोरडीच किती जड असते, हे मी खांद्यानं शिकलोय. आणि रात्री गुपचूप ओढ्यात ढकलायचं डोक्यात आलं असेल तर ते काढून टाका. जयंती नाल्यात टाकलेलं पंचगंगेकडेच जातं, आणि पुराच्या पाण्याचं काय होतं ते 2019 ला या शहरानं पाहिलंय. (वर माळ्यावर गादी आहे का, पाहिलंत ना?)

भंगारवाला. दारात येईल तेव्हा येईल असं नको, वार ठरवून बोलवा. पुठ्ठा, कागद, लोखंड, प्लास्टिक, बाटल्या वेगवेगळं बांधून ठेवा. एकत्र ढीग दिसला की तो सगळ्याला एकच भाव लावतो, सगळ्यात कमी असलेला. पुठ्ठा ओला असेल तर वजन कापतो, त्यात त्याचंही खोटं नाही. खोके सगळे देऊ नका, सामान त्यातच भरायचंय. नवे खोके आणि बबलचे गुंडाळे विकत आणणाऱ्यांची मला गंमत वाटते. किराणा दुकानातून दोन पोती मागा आणि भांडी जुन्या चादरीत, टी-शर्टात गुंडाळा. भंगारवाला आला की माळ्यावरचंही त्याच खेपेला काढा. त्याच खेपेला. नंतर तो एवढ्याशासाठी परत येत नाही.

जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून फोडू नका, पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा. चार्जर, वायरी, मेलेला पॉवरबँक, सेल हेही त्यांच्यासोबत. भुरट्या भंगारात वायर गेली की तांब्यासाठी जाळली जाते, तो काळा धूर कुणाच्या तरी नाकात जातो. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा ठेवायचा नियम 2016 मध्येच आला. आपण सगळं एका पिशवीत कोंबतो आणि मग लाईन बझारच्या झूम या कचरा प्रकल्पावरचा डोंगर बघून नाक मुरडतो.

कपडे: धुतलेले, चेन-बटणं धड असलेलेच द्या. सीपीआर चौकातली माणुसकीची भिंत, जिथे जुने कपडे गरजूंसाठी ठेवतात, ती दिवाळीच्या तोंडावर असते, मेमध्ये नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर गठ्ठा बांधून ठेवू नका. कामाच्या मावशींना आधी विचारा, पण विचारा, लादू नका. फाटकं ते फरशी पुसायला.

शेवटचे दोन दिवस. टिप्परची वेळ बघून ओलं त्याला द्या. फ्रिज असेल तर आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा. मेसचा डबा परत. मुदत संपलेली औषधं वेगळी. झाडू नव्या भाडेकरूला ठेवला तरी चालेल, पण काकूंना सांगून.

मीटरचा फोटो, बाथरूममागचा कोपरा, पलंगाखाली. आणि पुन्हा एकदा स्टूलवर चढून माळा. रिकाम्या माळ्याचा फोटो काढा, काकूंना दाखवा, मग किल्ली द्या. स्टूल शेजारच्यांचं आहे, ते परत करायला विसरू नका.