तुमच्या खेळातल्या कार्डांना नावं कशी द्यावीत

स्वतःचा पत्त्यांचा खेळ बनवणारी मंडळी नियम महिनोन्‌महिने घासतात आणि नावं मात्र छपाईच्या आदल्या रात्री उरकतात. मला याची फार हळहळ वाटते. एकदा खेळ अंगवळणी पडला की कार्डावरचा नियम कुणी वाचत नाही. तोंडी राहतं ते नाव. आपला 'बदाम सात' घ्या. नावातच सांगून टाकलंय, डाव कुठल्या पानाने उघडायचा.

हे काम शिकायला 'मॅजिक: द गॅदरिंग'इतकी चांगली शाळा नाही. रिचर्ड गारफील्ड यांचा हा खेळ 1993 साली आला आणि त्यात आज 25 हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं आहेत. प्रत्येकाचं नाव निराळं, कारण तिथे नाव हीच कार्डाची ओळख आहे. साधारण नियम असा की मूलभूत जमिनींची, म्हणजे जादूची शक्ती पुरवणारी, कार्डं सोडली, तर एका नावाची चारच कार्डं गड्डीत ठेवता येतात.

आधी कच्चं नाव द्या

चाचणीच्या चिठ्ठीवर 'जाळणारं', 'मोठं अस्वल' असं काहीही लिहा. 'मॅजिक'मध्येही चाचणीच्या काळात तात्पुरती नावं असतात, पक्कं बारसं नंतर होतं. नियम दहादा बदलणार. नावावर आधीच जीव जडला, तर नावासाठी नियम वाकवायचा मोह होतो.

कार्ड काय करतं, ते एका वाक्यात लिहा

नियम पक्का झाला की विचारा: ही एखादी घटना आहे, वस्तू आहे, की जिवंत प्राणी? घटनेचं नाव घटनेसारखं वाटलं पाहिजे. पहिल्या संचातलं 'लाइटनिंग बोल्ट' एका लाल 'माना'च्या किमतीत (माना म्हणजे कार्ड खेळताना खर्च होणारी जादूची शक्ती) 3 इजा करतं. वीज पडावी तसं येतं, काम करतं, संपतं. 'जायंट ग्रोथ' एका हिरव्या 'माना'च्या किमतीत एखाद्या प्राण्याची ताकद ती पाळी संपेपर्यंत वाढवतं. दोन्ही नावं एकदा ऐकली की नियम विसरणं कठीण.

प्रत्येक पक्षाची शब्दांची पेटी भरा

इथे घाई करू नका, सगळी मजा इथेच आहे. समजा, तुमच्या खेळात आगीचा पक्ष आहे. कोऱ्या पानावर आठवतील तेवढे शब्द लिहा: ठिणगी, निखारा, पलिता, आगटी, जाळ, वणवा. आता ते ताकदीच्या क्रमाने लावा. ठिणगीने वणव्याहून जास्त नुकसान केलं, तर खेळणारा दर वेळी अडखळेल. 'मॅजिक'मधलं 1998 चं 'शॉक' तेवढ्याच किमतीत 2 इजा करतं, 'बोल्ट'पेक्षा एक कमी. झटका बसणं आणि अंगावर वीज कोसळणं यातला फरक नावातच आला.

साधे शब्द लवकर संपतात, म्हणून ते जपून खर्चा. 'ड्रॅगन' हा शब्द एकाच कार्डाला देऊन टाकला, तर पुढच्या ड्रॅगनांनी काय करायचं? पहिल्याच संचात 'शिवन ड्रॅगन', 'सेरा एंजल', 'लॅनोवार एल्व्ह्ज' अशी नावं आहेत. ओळखीच्या शब्दाला त्या काल्पनिक जगातलं एखादं नाव जोडलं की शब्दही शिल्लक राहतो आणि जगही उभं राहतं.

नवे शब्द घडवायचे असतील, तर त्यांना पुढे पोरंबाळं होतील असे घडवा. 1995 मध्ये 'लर्गोइफ' नावाचा प्राणी आला, ज्याची ताकद टाकून दिलेल्या पानांच्या ढिगात किती प्राणी आहेत त्यावर ठरायची. 2007 मध्ये 'टार्मोगोइफ' आला, तेव्हा शेवटच्या 'गोइफ'वरूनच जुन्या खेळाडूंना त्याचं कूळ कळलं.

उलटसुलट अक्षरांचे खेळही चालतात. 'नेविनिरल्स डिस्क' म्हणजे लेखक लॅरी निव्हन यांचं नाव रोमन लिपीत उलटं लिहिलेलं. जादूची शक्ती म्हणून 'माना' खर्च होत जाते, ही कल्पना त्यांच्या कथांमध्ये आहे, म्हणून हा मान. मराठीत उलटवताना काना-मात्रा अक्षराबरोबरच हलवा: विनायकचा 'कयनावि' होतो, आणि तो एखाद्या राक्षसाला शोभेलही.

मोठ्याने म्हणा, मग मोजा

साधारण 63 मिलिमीटर रुंदीच्या पानावर नावाला एकच ओळ मिळते, त्यातही कोपऱ्यात किंमत असते. 2021 च्या 'असमोरानोमार्डिकाडाइस्टिनाकुल्डाकार' या कार्डाचं नाव रोमन लिपीत 31 अक्षरांचं आहे. त्या ओळीत किमतीला जागाच उरली नाही, आणि कार्डाला नेहमीची किंमत नाहीच. इतकी सूट एकदाच घ्यावी.

नियम झाकून विचारा

खेळ न पाहिलेल्या मित्राला फक्त नाव दाखवा आणि 'हे काय करत असेल?' असं विचारा. उत्तर जवळपासही आलं नाही, तर नाव बदला. त्याच वेळी कुणाची जात, धर्म, श्रद्धा दुखावत नाही ना, तेही पाहून घ्या. 2020 मध्ये 'मॅजिक'च्या कंपनीने वंशद्वेषी किंवा सांस्कृतिकदृष्ट्या अपमानास्पद ठरलेली 7 जुनी कार्डं अधिकृत स्पर्धांतून काढून टाकली.

खेळणारे काय म्हणतात, ते टिपून ठेवा

1994 मध्ये 'मिलस्टोन', म्हणजे जात्याची तळी, नावाचं कार्ड आलं. ते खेळाडूच्या गड्डीतली वरची दोन पानं थेट टाकलेल्या ढिगात पाठवायचं. खेळाडू या प्रकाराला 'मिल करणं' म्हणू लागले. पुढे तेच काम करणारी कितीतरी कार्डं आली आणि प्रत्येक वेळी तो लांबलचक नियम पूर्ण छापावा लागे. अखेर 2020 मध्ये 'मिल' हा शब्दच नियमात घेतला गेला. म्हणून चाचणीच्या डावात वही जवळ ठेवा. मित्र एखाद्या कार्डाला तुमच्या नावाऐवजी दुसऱ्याच नावाने हाक मारत असतील, तर छपाईला देण्यापूर्वी दोन्ही नावं शेजारीशेजारी लिहून पाहा.