पाऊस गेला की खिडकीतल्या कुंड्यांचं काय करायचं
मुंबईत पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो आणि खरा लागवडीचा सीझन तेव्हाच सुरू होतो, त्यामुळे आधी माती बघा. चार महिन्यांच्या पावसाने ती घट्ट झालेली असते आणि खतही वाहून गेलेलं असतं, म्हणून कुंडी रिकामी करून माती दोन दिवस उन्हात सुकवा, मग दोन भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिक्स करा. तळाचं भोक मोकळं आहे ना ते नक्की बघा, बरीच झाडं पाणी तुंबूनच मरतात!

सुरुवात मेथीने करा, ३-४ दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी. कोथिंबिरीचे धणे मात्र चपलेने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा, ८-१० दिवस धीर धरा. ऑक्टोबर हीटमध्ये ती लवकर जळते, म्हणून नोव्हेंबरच बरा. टोमॅटो-मिरचीला मोठी कुंडी आणि ५-६ तास ऊन हवंच, ग्रिलमध्ये तेवढं येत नसेल तर पालक, पुदिना लावा.

जास्वंदीवर पांढरा मावा (म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग) दिसला की लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑईल आणि थोडा लिक्विड साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून सुद्धा. मोगरा थंडी संपताना, जानेवारीच्या शेवटी छाटा आणि शेणखत द्या, उन्हाळ्यात भरभरून फुलतो.